चमचाभर तेलातला पर्कल्ट

ग्यॉर, ६ ऑक्टोबर १९८५

प्रिय हर्मिनाताई,

बेर्चीला इस्पितळातून घरी आणून आज बारा दिवस झाले. भाऊ कसा आहे म्हणून तुम्ही तार केली होतीत. भाऊ ठीक आहे. भावजय ठीक नाही.

हृदयाचा झटका मोठा होता, वेळेत पोचलो म्हणून निभावलं. निघताना डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं आणि बोटांवर मोजून सांगितलं: डुकराची चरबी बंद, खारवलेले चरबीचे तुकडे बंद, धुरी दिलेलं सॉसेज बंद, आंबट साय आठवड्यातून एक चमचा. मी म्हटलं, "मग तो खाणार काय?" त्या म्हणाल्या, "सगळं खाऊ दे. फक्त हलकं करा." किती सोपं! बाईंनी तुमच्या सेन्तेशकडच्या माणसाला कधी जेवायला वाढलेलं नसणार.

बारा दिवस तो उकडलेल्या कोंबडीसमोर हाताची घडी घालून बसतो. काल म्हणाला, "विल्मा, मी वाचलो ना? मग हे मयताचं जेवण कशाला?" सात किलो उतरलाय. पट्टा आवळला तरी पँट खाली येते. डॉक्टरीणबाई म्हणतात, वजन उतरलं ते चांगलंच, पण ताकद उतरू देऊ नका. वजन आणि ताकद काय वेगवेगळ्या डब्यांत भरून ठेवलेली असते?

त्याला एकच गोष्ट हवी आहे. रविवारी डुकराच्या मटणाचा पर्कल्ट, तो लाल मिरचीचा दाट रस्सा, तुमच्या आईच्या हातचा असायचा तसा. एकोणतीस वर्षांत मी चार वेळा केला आणि चारही वेळा "चांगला आहे, पण" एवढं ऐकलं. मग सोडूनच दिला. आईनंतर तो हात तुमच्याकडे आला असं सगळे म्हणतात. एकतीस वर्षं तुम्ही शेतकी सोसायटीच्या खानावळीत दीडशे माणसांना जेवू घातलंत. तेव्हा तुम्हीच सांगा, चरबी न घालता पर्कल्ट कसा करायचा?

लग्न झाल्यापासून मी तुमच्याकडे काही मागितलेलं नाही. तुम्हालाही ते माहीत आहे. पत्राची वाट बघते.

विल्मा

सेन्तेश, १३ ऑक्टोबर १९८५

विल्मा,

तुझं पत्र दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा वाटलं चष्म्याचा नंबर बदलला. चरबी न घालता पर्कल्ट! उद्या म्हणशील पीठ न घेता पाव कसा भाजायचा.

अगं, पर्कल्टला आधी चरबीच वितळवतात. तिच्यात कांदा जातो, तिच्यातच तो गोड होतो. लाल मिरचीची पूड रंग सोडते तीही चरबीतच. मटण त्यानंतर येतं. चरबी काढलीस तर उरतं ते नुसतं शिजवलेलं मटण, आणि ते इस्पितळात मिळत होतंच की. घरी कशाला आणलंस मग त्याला?

डॉक्टरांचं म्हणशील तर ते सगळ्यांना हेच सांगतात. पाठ केलेलं असतं. आमचे वडील एक्क्याऐंशी वर्षांचे होईपर्यंत रोज सकाळी पावावर बोटभर चरबी थापून शेतावर जायचे. माझा ओदोन गेला तो ट्रॅक्टर हाकून हाकून. सोसायटीने त्याला हलकं काम दिलं नाही म्हणून गेला. चरबी खाऊन मेलेलं माणूस मी बघितलेलं नाही. उपाशी मेलेली बघितली आहेत, लढाईच्या वर्षी.

बेर्ची आमच्या घरातलं शेंडेफळ. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि मी सोळाची. त्याला काय मानवतं ते मला डॉक्टरिणीने शिकवायला नको.

पार्सल वेगळं पाठवलंय. बरणीत या जानेवारीत कापलेल्या डुकराची चरबी आहे, बर्फासारखी पांढरी. आपली लाल मिरचीची पूडही ठेवली आहे. तुमच्या शहरातली पूड म्हणजे विटेचा भुगा. जास्त नको घालूस चरबी, एकच डाव घाल. एका डावाने काय होतंय!

हर्मिना

ग्यॉर, २१ ऑक्टोबर १९८५

हर्मिनाताई,

पूड ठेवून घेतली, आभारी आहे. बरणी परत पाठवते आहे. मी पोस्टात पार्सलाच्या खिडकीवर बसते, त्यामुळे बरणी कशी बांधायची ते मला चांगलं येतं. फुटणार नाही.

तुम्ही मदत केली नाहीत म्हणून मीच करून बघितला. कांदा कोरड्या पातेल्यात टाकला. चिकटला. खरवडला, परत चिकटला. मग पाणी ओतलं, तर तो उकडून पांढऱ्या गोगलगायीसारखा दिसायला लागला. त्यात तुमची पूड टाकली. खालून विस्तव जोरात. क्षणात वास बदलला, लाल होतं ते तपकिरी झालं आणि खोकल्याने आम्ही दोघं गच्चीत पळालो. हृदयाच्या माणसाला खोकवून खोकवून लाल केला मी. मटण वर, पाणी खाली, आणि चव विचाराल तर जळक्या दोरीची.

बेर्चीने दोन घास खाल्ले. चमचा खाली ठेवला. म्हणाला काहीच नाही. त्याने काहीतरी म्हटलं असतं तर बरं झालं असतं, मी भांडले तरी असते. तो उठून भिंतीकडे तोंड करून पडला. सत्तावन्न वर्षांचा माणूस, हर्मिनाताई. जेवण बघून त्याच्या डोळ्यांत पाणी येतं.

ते पातेलं अजून भिजत पडलंय. मला वैताग आलाय. डॉक्टरिणीचा, तुमचा, त्याचा आणि माझाही.

विल्मा

सेन्तेश, २९ ऑक्टोबर १९८५

विल्मा,

बरणी पोचली. धड पोचली. बांधता येतं तुला, ते मानलं.

पण ती पूड! अख्खा उन्हाळा माळा करून पडवीत वाळवलेल्या मिरच्या, आणि तू त्या जाळल्यास! मला दोन दिवस झोप लागली नाही. विस्तवावर पूड कोण टाकतं गं? शेजारची कुत्रीसुद्धा टाकणार नाही. आता वाच, आणि परत माझी पूड जाळू नकोस.

मटण मागच्या मांडीचं घे. वरची पांढरी चरबी दिसेल तेवढी सुरीने काढ (हे मीच लिहितेय, विश्वास बसत नाही). मटणाच्या निम्म्या वजनाचा कांदा. निम्म्या म्हणजे निम्म्या, तू दोन कांदे घेतले असणार. अगदी बारीक चीर. जाड बुडाच्या पातेल्यात एक चमचा सूर्यफुलाचं तेल. शून्य नाही चालणार, पुडीला रंग सोडायला काहीतरी हवंच. कांदा, चिमटीभर मीठ, दोन चमचे पाणी, आणि वर घट्ट झाकण. विस्तव इतका बारीक की विझल्यासारखा वाटेल. पाऊण तास. मधेमधे चमचाभर पाणी. कांदा दिसेनासा झाला पाहिजे, नुसता लगदा. चरबीचा दाटपणा तिथूनच येतो.

मग पातेलं उतरव. खाली उतरव, विल्मा. मग पूड घाल, दोनदा ढवळ आणि लगेच घोटभर पाणी. मग मटण, शहाजिरं, एक टोमॅटो, एक हिरवी ढोबळी मिरची. परत झाकण. पाणी पेल्याने ओतायचं नाही, चमच्याने द्यायचं, आटलं की द्यायचं. शेवटची दहा मिनिटं झाकण काढ.

हा पर्कल्ट नाही. काय आहे ते मला माहीत नाही. पण खाता येईल.

तो भिंतीकडे तोंड करून पडतो हे खरं का? लहानपणी तापात असाच पडायचा.

हर्मिना

ग्यॉर, २४ नोव्हेंबर १९८५

प्रिय हर्मिनाताई,

झाला! तिसऱ्या खेपेला झाला. कांदा खरंच दिसेनासा होतो. रस्सा असा लाल आणि दाट की मी पातेल्यात बघत उभीच राहिले. सोबत गालुश्काचे छोटे गोळे उकडले, पिठात एकच अंडं घालून, आणि ते लोण्यात न परतता तसेच वाढले. बेर्चीने ताटली पुसून खाल्ली. "बरं झालंय," म्हणाला. नुसतं "बरं झालंय". मी आत जाऊन नळ सोडून रडून घेतलं.

तेव्हापासून दर रविवारी करते. आणि फरक बघा, तीन आठवड्यांत चार किलो भरलाय. गाल वर आलेत. रोज दुपारी जिना उतरून खालच्या मजल्यावर दुदाशकडे बुद्धिबळ खेळायला जातो. दुदाश म्हणजे त्याच्या कारखान्यातला जुना सोबती, बायको वारलेली, एकटाच असतो. परत येतो तेव्हा शीळ घालत येतो. आठवड्यातले बाकीचे दिवस उकडलेल्या भाज्या वाढल्या तरी कुरकुर नाही. "मला फारशी भूक नाही, तू जेव," म्हणतो. किती समजूतदार झालाय!

डॉक्टरीणबाई मात्र कपाळाला आठ्या घालून बसल्या आहेत. रक्त तपासलं, म्हणाल्या आकडे खाली यायला हवे होते, वर गेलेत. मला विचारतात, "तुम्ही सांगितलेलं पाळता ना?" मी भडकले. म्हटलं, चमचा मोजून तेल घालते, मांडी घालून पातेल्याशेजारी बसते, अजून काय करू? त्यांनाही नीट तपासता येत नसेल.

तुमचे उपकार विसरणार नाही.

विल्मा

सेन्तेश, ३० नोव्हेंबर १९८५

विल्मा,

तो खातोय हे वाचून बरं वाटलं. उपकार वगैरे लिहू नकोस, मला ते आवडत नाही.

आकड्यांचं एवढं मनावर घेऊ नकोस. गाल वर आलेत ना, मग झालं. आणि त्याला बुद्धिबळ खेळू दे. मागे मागे करू नकोस. पुरुषाला दिवसातला एक तास बायकोच्या नजरेआड लागतो.

इथे गारठा पडलाय. माझे गुडघे बोलायला लागलेत. फार लिहवत नाही.

हर्मिना

ग्यॉर, ४ डिसेंबर १९८५

हर्मिनाबाई,

आज सकाळी अकरा वाजता माझ्या खिडकीवर सेन्तेशहून आलेलं पार्सल आलं. पत्ता श्री. दुदाश यांचा. पाठवणाऱ्याचं नाव कुणीतरी गिचमिड करून लिहिलेलं. पण अक्षर! एकोणतीस वर्षं नाताळच्या कार्डांवर बघते आहे मी ते अक्षर. आणि खोक्याचा तळ तेलकट झालेला. तुम्हाला बरणी बांधता येत नाही.

मी शिक्का मारला. कारण ते माझं काम आहे. मग साहेबांना सांगून लवकर निघाले आणि खोकं स्वतः पोचवायला गेले.

दुदाशचं दार नुसतं लोटलेलं होतं. बुद्धिबळाचा पट मांडलेला, त्यावर धूळ. टेबलावर पावाच्या जाड फोडी, त्यांवर बोटभर चरबी, कांद्याच्या चकत्या आणि वरून तुमची ती सुंदर लाल पूड. बेर्चीचं तोंड भरलेलं. तो म्हणाला, "तू आज लवकर सुटलीस?"

दुदाश म्हणाला, "वहिनी, देवाशप्पथ, मी त्याच्या निम्मंच खातो."

मी खोकं टेबलावर ठेवलं. पोचपावतीवर दुदाशची सही घेतली. घरी आले आणि अजून ओव्हरकोट काढलेला नाही.

तीन आठवडे मी डॉक्टरिणीला वेड्यात काढत होते. तीन आठवडे पाऊण-पाऊण तास कांद्याशेजारी बसत होते, आणि तो शीळ घालत घरी येत होता. मी तुम्हाला उपकार लिहिले! आणि तुम्ही उत्तरात मला सांगितलंत, त्याला बुद्धिबळ खेळू दे!

मला तुमच्याकडून काही ऐकायचं नाही. एवढंच सांगा: का?

विल्मा

सेन्तेश, ११ डिसेंबर १९८५

विल्मा,

का? कारण तो तुझा नवरा व्हायच्या आधीपासून माझा भाऊ आहे. नऊ वर्षांच्या पोराला मी वाढवला. त्याचं पत्र आलं, सात नोव्हेंबरला. तुला न सांगता टाकलेलं. त्यात त्याने काय लिहिलं होतं ते तसंच उतरवते: "ताई, इथे मला जिवंत ठेवतात, पण जगू देत नाहीत. आठवड्यात सहा दिवस मी गवत खातो. तू काहीतरी कर."

आता तू सांग, मी काय करायला हवं होतं? त्याला लिहायचं, बाळा, गवत खा?

फसवलं ते वाईट केलं. ते मान्य. पण चरबी पाठवली त्याचं मला वाईट वाटत नाही. त्याच्या गालावर रंग आला होता हे तूच लिहिलंस. तुझ्या त्या डॉक्टरिणीच्या आकड्यांपेक्षा माणसाच्या गालावर मी जास्त विश्वास ठेवते.

तू रागावली आहेस, रागाव. मी म्हातारी आहे, मला सवय आहे.

हर्मिना

तार. ग्यॉर, २८ डिसेंबर १९८५

बेर्ची पुन्हा इस्पितळात. जिवंत आहे. काही पाठवू नका. विल्मा

सेन्तेश, ३१ डिसेंबर १९८५

विल्मा,

तार घेऊन पोस्टमन फाटकाशी आला तेव्हा मी ती उघडलीच नाही. त्यालाच म्हटलं, वाच. त्याने वाचली. "जिवंत आहे" हे शब्द येईपर्यंत मी फाटकाचं लाकूड धरून उभी होते.

मी गाडीत बसणार होते. पण तू "काही पाठवू नका" लिहिलंस, तर मला वाटलं त्यात मीही आले.

तू "का?" म्हणून विचारलं होतंस. मी उत्तर दिलं ते खोटं नव्हतं, पण पुरतंही नव्हतं. आता पुरतं देते. एकदम वाचून टाक, परत परत वाचू नकोस.

एकाहत्तर सालच्या वसंतात इथल्या डॉक्टरांनी मला दवाखान्यात बोलावून घेतलं होतं. ओदोनला नव्हे, मला. म्हणाले, "बाई, तुमच्या नवऱ्याचं हृदय थकलंय. त्याला चरबी देऊ नका. स्वयंपाक तुमच्या हातात आहे." मी हो म्हणाले. खानावळीत परत आले आणि बायकांसमोर डॉक्टरांची नक्कल केली. नाकात बोलायचे ते. सगळ्या पोट धरून हसल्या.

ओदोनला मी घरी सांगितलं, तेही हसतच. तो हसला नाही. म्हणाला, "हर्मिना, महिनाभर करून बघू या का? तुला त्रास होणार नसेल तर." आणि मी काय म्हणाले माहीत आहे? म्हटलं, "माझ्या हातचं जड होत असेल तर दुसरी बायको कर." तो परत कधी बोलला नाही. वाढेन ते खायचा.

ऑक्टोबरात गेला. ट्रॅक्टरवर नाही. जेवणाच्या टेबलावर, माझ्यासमोर, भर दुपारी. वय अठ्ठावन्न. ट्रॅक्टरचं मी लोकांना सांगत आले. चौदा वर्षं सांगितलं की आपल्यालाही खरं वाटायला लागतं.

आणि आता हे ऐक. कांद्याची ती रीत मी तुला लिहिली, झाकण आणि चमचा-चमचा पाणी. मला ती कुठून सुचली, हे तू विचारलं नाहीस. ओदोन गेल्यावर दुसऱ्या आठवड्यात दारं-खिडक्या लावून मी ती करून बघितली. एकदाच. मला खात्री होती की बिघडेल. बिघडावी म्हणून मी प्रार्थना करत होते. नाही बिघडली. चांगली झाली, विल्मा. ओदोनने आनंदाने खाल्ली असती. पाऊण तासाचं काम होतं फक्त.

ते सगळं मी डुकरांना घातलं आणि पातेलं घासून टाकलं.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हापासून मी तुझ्यावर का खेकसत होते ते आता कळलं असेल. तुझा पर्कल्ट बेर्चीला वाचवतो असं मान्य केलं असतं, तर मी ओदोनला काय वाढत होते तेही मान्य करावं लागलं असतं. त्यापेक्षा मी बरण्या पाठवत राहिले.

आता तुला जे म्हणायचं ते म्हण.

हर्मिना

ग्यॉर, १२ जानेवारी १९८६

हर्मिनाताई,

तुमचं पत्र मी इस्पितळाच्या बाकावर बसून वाचलं. तुम्ही एकदाच वाच म्हणालात, मी तीनदा वाचलं.

आधी बेर्चीचं. सव्वीस तारखेला तो "नाताळच्या शुभेच्छा देऊन येतो" म्हणून दुदाशकडे गेला. तिथे काय खाल्लं ते दोघंही सांगत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करता करता खाली बसला. आता धोका टळलाय. वीस तारखेच्या सुमारास सोडतील. दुदाश रोज येतो, कॉरिडॉरमध्ये टोपी हातात घेऊन उभा राहतो, आत जायची हिंमत करत नाही.

तुमच्यासाठी मी तीन पानं लिहून ठेवली होती, तुमचं पत्र यायच्या आधी. फार वाईट पानं आहेत. फाडली नाहीत. अजूनही राग आला की काढून वाचते आणि बरं वाटतं. पण पाठवणार नाही.

मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, तुमचं नाव न घेता. म्हटलं, एका माणसाला अमुक वर्षी चरबी बंद केली असती तर तो वाचला असता का?  त्या म्हणाल्या, "कदाचित. कदाचित नाही. ज्याला माहीत आहे असं वाटतं तो खोटं बोलतो."

तेव्हा तुमचा काही दोष नव्हता असं मी लिहिणार नाही. मला माहीत नाही. तुम्हालाही ते खरं वाटलं नसतं. पण एक सांगते. ओदोनभावजींना हात होते, तोंड होतं, आणि पाव कापता येत होता. बेर्चीलाही आहेत. आपण दोघी अशा भांडतो आहोत जणू ही माणसं पाळण्यात आहेत. काल मी बेर्चीला हेच ऐकवलं. म्हटलं, तू मेलास तर मी तुझ्या ताईवर ढकलणार नाही, दुदाशवर नाही, तुझ्यावर ढकलेन, आणि थडग्याशी येऊन रोज भांडेन. तो घाबरला. खरंच घाबरला. तेहतीस डॉक्टरांनी सांगून जे झालं नव्हतं ते झालं असं वाटतंय. बघू.

आता तुम्ही या. मी दमले आहे. मला पोस्टात परत कामावर जायचं आहे आणि त्याच्याशेजारी कुणीतरी बसायला हवं, ज्याला तो फसवू शकणार नाही. तुम्हाला त्याच्या सगळ्या खोड्या माहीत आहेत, त्यांतल्या निम्म्या तुम्हीच लावलेल्या आहेत. मधली खोली रिकामी करते. गाडीची वेळ कळवा, स्टेशनवर येईन. पिशव्या उघडून बघेन, आधीच सांगते.

विल्मा

सेन्तेश, ९ मार्च १९८६

प्रिय विल्मा,

सुखरूप पोचले. गाडीत बसायला जागा मिळाली, खिडकीशी. शेजारच्या बाईने सॉसेज काढलं आणि मला देऊ केलं, मी नको म्हटलं तर तिने माझ्याकडे अशी नजर टाकली जणू मी परदेशातून आले आहे.

पाच आठवडे तुझ्या स्वयंपाकघरात काढले, तर आता बोलण्याचा हक्क मिळाला आहे. तुझ्या सुऱ्यांना धार नाही. मिठाचा डबा चुलीच्या डाव्या बाजूला कोण ठेवतं? आणि गालुश्काचं पीठ तू फार मळतेस, मी दहादा सांगितलं, ते नुसतं एकत्र करायचं. हे सगळं मी तिथे बोलत नव्हते असं तुला वाटत असेल तर वाटू दे, मी निम्मंच बोलत होते.

बेर्ची आता दोन मजले न थांबता चढतो, हे तुझ्या चिठ्ठीत वाचलं. दुदाशला पण बसवा जेवायला, एकटा माणूस घरी भलतंच खातो. आणि आकडे उतरले ते डॉक्टरीणबाईंनी मला हात धरून सांगितलं, ते मी तुला सांगितलं नव्हतं. म्हणाल्या, "तुम्हीच का त्या, बरणीवाल्या?" बरी आहे बाई. जरा हडकुळी आहे.

आता जे सांगायला बसले ते सांगते. माझ्या कुंपणापलीकडची एटेल तुला ठाऊक नाही. माझ्या हाताखाली खानावळीत होती ती, कांदे चिरायची. तिचा नवरा गेर्गेय याला गेल्या महिन्यात छातीत कळ येऊन गेली. मी परत आले त्या दिवशी ती कुंपणाशी आली, म्हणाली, "बारा तारखेला गेर्गेयच्या नावाच्या संताचा सण आहे, तीस माणसं येणार, तुझ्या हातचा पर्कल्ट हवा, मोठ्या कढईत."

मी विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले?"

ती हसली आणि डॉक्टरांची नक्कल करून दाखवली. नवे डॉक्टर आहेत, हे नाकात बोलत नाहीत, तोतरे आहेत. हुबेहूब केली तिने.

विल्मा, मला माझीच खानावळ आठवली. मी ते तुला लिहिलं होतं, पण तोंडाने कुणालाही कधी सांगितलेलं नव्हतं. चर्चमध्येसुद्धा नाही. मी म्हटलं, "एटेल, ओदोन ट्रॅक्टरवर गेला नाही. मला डॉक्टरांनी बोलावून सांगितलं होतं आणि मी हसले होते. तू तिथेच होतीस. तूही हसली होतीस."

तिचा चेहरा पांढरा पडला. म्हणाली, "शहरात जाऊन आलीस आणि माझ्या नवऱ्याला थडग्यात घालायला निघालीस." घरात गेली आणि दार आपटलं. चार दिवस बोलली नाही. दुकानात भेटलो तर पाठ फिरवली. मला वाटलं, झालं, पस्तीस वर्षांचा शेजार गेला. चिडले मी. तिच्यावर, स्वतःवर. असल्या वयात तोंड उघडायची काय गरज होती, असं म्हणत घरभर फिरत होते.

आज सकाळी प्रार्थनेहून आले तर ती माझ्या पायरीवर बसलेली. रडून डोळे सुजलेले. रात्री गेर्गेयला परत कळ आली होती का, विचारलं. नाही म्हणाली. त्याला तिने सगळं सांगितलं, माझं, ओदोनचं. तर तो म्हणाला, "महिनाभर करून बघू या का?"

तिने मला एवढंच विचारलं, "कांदा किती घ्यायचा?"

मी तिला आत घेतलं. खुर्ची दिली. आणि सांगायला बसले.

हर्मिना